बावीस एक्केचाळीस: स्ट्रीमिंग सोडून तीन वर्षं स्वतःच्या संग्रहावर

तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका पहाटे माझ्या बासरीचा सा लागेना. रोजच्यासारखं फोनवर एका मैफलीचं तेच ध्वनिमुद्रण लावलं होतं, बासरीही तीच होती, पांढरी तीन या पट्टीची. गेली चार वर्षं त्यातला तानपुरा आणि माझा सा एकजीव होत होते, आणि त्या दिवशी दोघांत सरळ फट दिसत होती. बासरी उतरल्यासारखी वाटत होती. थंडीत ती उतरतेच, नळीतली हवा गार असली की सूर खाली येतो, म्हणून दहा मिनिटं नुसती फुंकर घालून मी ती गरम केली. फरक पडला नाही. मग ओठांचा कोन बदलून सूर चढवत राहिले. तसं पाऊण तास वाजवल्यावर मान आणि जबडा भरून आले.

दुसऱ्या दिवशीही तेच. गुरुजींना सांगितलं तर ते म्हणाले, "वाद्याला हात लावू नकोस. ऐकतेस काय, ते आधी बघ." ट्यूनर लावला. बासरी जागेवर होती. तानपुरा ५० सेंट वर होता, म्हणजे अर्ध्या स्वराचाही अर्धा भाग. मग रियाजाची वही काढली. मला सवय आहे, ज्या जागा घोटायच्या त्यांच्या वेळा मी लिहून ठेवते. पानाच्या डोक्यावर होतं: एकूण २२:४१. खाली: ७:१०, मींड (सूर न तोडता एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं). १८:३५, तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं). फोनवर आता एकूण वेळ दाखवत होती २२:०२. मींड ६:५८ ला येत होती आणि तिहाई १८:०३ ला. मुखपृष्ठ तेच, नाव तेच, माझ्या यादीतली जागाही तीच. आतली वस्तू मात्र कोणीतरी बदलली होती.

त्या स्ट्रीमिंग सेवेला लिहिलं. नम्र उत्तर आलं की हक्कधारकाने नवी, सुधारित आवृत्ती दिली आहे आणि जुनी आता उपलब्ध नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं, वर्गणीच्या करारात काय काय मिळेल आणि किती दिवस मिळेल याची हमी कुठेच दिलेली नसते. "डाउनलोड" केलेली प्रतही बदलली होती, कारण ते डाउनलोड म्हणजे त्या ॲपच्या कुलपातली तात्पुरती साठवण असते. ती फाइल बाहेर काढता येत नाही, दुसऱ्या कशात वाजवता येत नाही, आणि ठरावीक दिवसांत एकदा इंटरनेटला जोडलं नाही तर तीही बंद पडते. चार वर्षं रोज ऐकलेली, अंगात भिनलेली गोष्ट माझ्याकडे कधी नव्हतीच. त्या आठवड्यात मी वर्गणी थांबवली.

तेव्हापासून माझं सगळं ऐकणं माझ्या मालकीच्या फाइलींवर चालतं. आज संग्रहात ६१२ अल्बम आहेत. त्यासाठी जी साधनं आणि जी दुकानं वापरली त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे, कारण सुरुवातीला मला कोणी नीट सांगणारं भेटलं नव्हतं.

पहिली मदत झाली डिस्कॉग्जची. २००० साली सुरू झालेली ही ध्वनिमुद्रणांची प्रचंड सूची आहे, लोकांनीच भरलेली, आणि तिच्यात वापरलेल्या तबकड्या आणि सीडींची खरेदी-विक्रीही चालते. तिचं खरं मोल आवृत्त्या वेगळ्या ठेवण्यात आहे. एकच अल्बम चार वेळा निघाला असेल तर चार स्वतंत्र नोंदी सापडतात: कॅटलॉग क्रमांक, साल, सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक, आणि कोणी कष्ट घेतले असतील तर प्रत्येक भागाची लांबी. मला हवं होतं त्या ध्वनिमुद्रणाच्या तीन आवृत्त्या दिसल्या. एकीत २२:०२, एकीत लांबीच दिलेली नाही, एकीत २२:४१. स्ट्रीमिंगवर या तिन्हींचं एकच नाव आणि एकच चित्र असतं. २२:४१ वाली सीडी विकायला यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत मी त्या ध्वनिमुद्रणाशिवाय रियाज केला.

सीडी आली ती ओरखडे घेऊनच. ती संगणकावर उतरवायला मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरते. विंडोजवर चालणारी ही मोफत प्रणाली आंद्रे विटहॉफ यांनी लिहिली आहे, आणि तिचं रूप पाहून बिचकू नका, ते जुनाटच आहे. काम मात्र असं की मी आजवर दुसऱ्या कशावर इतका विश्वास टाकलेला नाही. साधा प्लेअर सीडी वाचताना अडखळला तर अंदाजाने जागा भरून पुढे जातो, आपल्याला कळतही नाही. ही प्रणाली प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचते आणि ताडून बघते. जुळलं नाही तर पुन्हा वाचते, सोळा-सोळाच्या फेऱ्यांत, अगदी वाईट जागी ८२ वेळांपर्यंत. सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात, म्हणजे खराब तीन सेकंदांसाठी ड्राइव्ह किती झिजतो याची कल्पना करा.

माझी सीडी चौदाव्या मिनिटाला अडली. पडद्यावर प्रणालीच्या खिडकीतले एरर करेक्शनचे लाल दिवे एकामागोमाग एक लागत गेले, ड्राइव्हचा आवाज चढता चढता एकदम खाली पडला आणि मग तो अडकल्यासारखा गुरगुरत राहिला. वीस मिनिटांनी अहवाल आला: ट्रॅक क्वालिटी ९९.७ टक्के, आणि खाली संशयास्पद जागांची यादी, १४:०६ ते १४:०९. सीडी बाहेर काढली, मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल फिरवून पुसायचं नाही, कारण गोल ओरखडा माहितीच्या ओळीवरून लांबवर धावतो आणि आडवा ओरखडा ती ओळ फक्त ओलांडतो. पुन्हा वाचायला दिली. चौदाव्या मिनिटाला एक लाल दिवा लागला आणि विझला. शेवटी आलं: कॉपी ओके. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

त्या अहवालाच्या शेवटी एक ओळ असते, तीच मला सगळ्यात आवडते. अ‍ॅक्युरेटरिप नावाची एक सामाईक नोंदवही आहे. जगात कोणीही सीडी उतरवली की त्या प्रतीची पडताळणी-संख्या तिच्यात जाऊ शकते, संगीत जात नाही, नुसती संख्या. माझी संख्या इतरांच्या संख्येशी जुळली तर प्रत अचूक उतरली. किती जणांशी जुळली ते "कॉन्फिडन्स" म्हणून दाखवतात. गाजलेल्या अल्बमला तो १०० च्या वर असतो. माझ्या या सीडीला होता ३. म्हणजे कुठेतरी तीन अनोळखी माणसांनी हीच तबकडी, हीच आवृत्ती, माझ्यासारखीच पुसून-पासून संगणकात घातली होती, आणि आम्हा चौघांकडे बिट न् बिट तीच वस्तू आहे. ते कोण, कुठले, काय वाजवतात, काही माहीत नाही. तरी त्या रात्री मला त्यांची फार सोबत वाटली.

मॅकवर हेच काम एक्सएलडी करतं, तेही चांगलं आहे असं दोन मित्र सांगतात. मी वापरलेलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी पहाटे बासरी. सा लागला. अंगावर काटा आला हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पण एक प्रश्न छळत होता. मुळात मैफलीत तानपुरा कुठे लावला होता? फिती आणि तबकड्या उतरवताना यंत्राचा वेग थोडा मागेपुढे झाला की लांबी आणि सूर दोन्ही बदलतात. २२:४१ ही संथ फिरलेल्या फितीची प्रत असेल आणि नवी आवृत्तीच खरी असेल, हेही अगदी शक्य होतं. म्हणून नवी आवृत्तीसुद्धा फाइल म्हणून विकत घेतली आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत तिचा वेग ०.९७१३ पट केला. लांबी झाली २२:४१. दोन्ही लहरी एकाखाली एक ठेवल्या. जुन्या प्रतीत ९:१७ ला श्रोत्यांतलं कोणीतरी खोकतं. ताणलेल्या नव्या प्रतीतही ९:१७ लाच खोकला आला. म्हणजे मैफल तीच, फितही तीच, फरक नुसता वेगाचा, आणि शिवाय नव्या प्रतीत फितीची खरखर काढताना तानपुऱ्याची वरची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, हीही बरीचशी पुसून गेली आहे. तिथे तारेचा गुंजारव संपतो तो कोणी हात ठेवून दाबल्यासारखा. जुन्या प्रतीत खरखर आहे आणि तिच्या मागे तानपुरा हळूहळू विरतो.

खरा सूर कोणता ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही प्रती ठेवल्या आहेत, शेजारी शेजारी, वेगळ्या नावांनी. स्ट्रीमिंग सोडण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण विचाराल तर हेच. "सुधारणा" झाली की मागचं पुसलं जावं, हे संगीताच्या बाबतीत मला पटत नाही. कोणती प्रत ऐकायची हे मी ठरवीन, आणि माझं चुकत असेल तर ती चूक माझ्या कानांची असू दे.

फाइलींच्या स्वरूपाबद्दल थोडं. मी सगळं फ्लॅकमध्ये ठेवते. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. फ्लॅक त्याची घडी घालून आकार साधारण निम्म्यावर आणतं आणि उलगडल्यावर काहीही गमावलेलं नसतं. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००१ ची, कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, आणि २०२४ च्या डिसेंबरात ते इंटरनेटच्या अधिकृत मानकांतही आलं. तीस वर्षांनी ही फाइल उघडेल का, या प्रश्नाला याहून बरं उत्तर आज कुठल्याच स्वरूपाकडे नाही. ३२० किलोबिटच्या चांगल्या एमपीथ्रीत आणि फ्लॅकमध्ये मला फरक ऐकू येतो का? नाही. नावं झाकून तीन वेळा ऐकलं, नाही ओळखता आलं. तरी फ्लॅकच, कारण ती मूळ प्रत आहे, तिच्यापासून हवी ती छोटी प्रत कधीही करता येते, उलट करता येत नाही.

एक फरक मात्र कोणालाही ऐकू येईल. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असतात आणि मधे तानपुरा अखंड चालू असतो. एमपीथ्रीच्या घडणीतच सुरुवातीला आणि शेवटी शांततेची बारीक कड जोडली जाते. प्लेअरने ती कापली नाही तर विलंबिताची शेवटची सम येते, तानपुरा तुटतो, एक आंधळा क्षण, आणि मग पुन्हा तानपुरा. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तो क्षण पायरी चुकल्यासारखा लागतो. फ्लॅकमध्ये ती कडच नसते. फूबार २००० या प्लेअरवर दोन्ही ट्रॅक मी कितीही वेळा ऐकले, सांधा सापडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नावं-गावं लिहिण्याने. पिकार्ड नावाचं साधन म्युझिकब्रेन्झ या खुल्या सूचीतून आपोआप माहिती भरतं, आवाजाच्या ठशावरून ट्रॅक ओळखतंसुद्धा, आणि गाण्यांच्या अल्बमांसाठी ते झकास आहे. राग-संगीताच्या दुर्मिळ सीडींवर मला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कलाकार, अल्बम, गाण्याचं नाव, या तीन खान्यांत राग कुठे लिहायचा? ताल? तबल्यावर कोण आहे? स्ट्रीमिंगवर तर साथीदाराचं नाव शोधून सापडत नाही, आणि मला ते सर्वांत खटकायचं, कारण अर्धी मैफल त्या माणसाने उभी केलेली असते. फ्लॅकमध्ये हवा तो खाना आपण तयार करू शकतो. मी एमपीथ्रीटॅग या फाइलींत माहिती लिहायच्या साधनात राग, ताल, साथ, प्रहर आणि आवृत्ती असे पाच खाने केले. खान्याचं नाव रोमन अक्षरांत द्यावं लागतं, आतला मजकूर देवनागरीत चालतो. आता फूबारमध्ये "यमन" टाइप केलं की माझ्याकडचे सगळे यमन समोर येतात, गाण्यातले, सतारीवरचे, बासरीवरचे. "झपताल" लिहिलं की झपताल. पहाटेचे राग वेगळे काढून ठेवले आहेत. ६१२ अल्बमांना दीड वर्ष लागलं, रोज रात्री एक किंवा दोन. प्रत्येक अल्बमची पुस्तिका त्या निमित्ताने शेवटपर्यंत वाचून झाली. ज्यांना मी वीस वर्षं ऐकत होते त्यांच्या मागे सारंगीवर कोण बसलं होतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

नव्या कलाकारांचं संगीत मी मुख्यतः बँडकॅम्पवर घेते, आणि आज कोणी एकच दुकान विचारलं तर हेच नाव सांगीन. २००८ पासून चालू आहे. पूर्ण अल्बम आधी ऐकता येतो, विकत घेतला की एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह वगैरे हवं ते स्वरूप निवडून फाइल उतरवायची, कुलूप नाही, ॲपची सक्ती नाही. बऱ्याच ठिकाणी किमान रकमेहून जास्त देण्याची सोय असते आणि मी शक्य तेव्हा देते. डिजिटल विक्रीतला १५ टक्के किंवा त्याहून कमी हिस्सा दुकान ठेवतं, व्यवहाराचा खर्च वजा जाता उरलेलं कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला जातं. मार्च २०२० पासून काही ठरलेल्या शुक्रवारी तर दुकान आपला हिस्साच सोडतं. माझी खरेदीची यादी मी त्या शुक्रवारासाठी राखून ठेवते.

आता त्याची दुसरी बाजू. एकतर नावं-गावं कलाकाराने जशी भरली तशीच येतात, त्यामुळे एमपीथ्रीटॅगपासून सुटका नाही. दुसरं आणि महत्त्वाचं, हे दुकान २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतलं आणि पुढच्याच वर्षी साँगट्रेडरला विकलं, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. दुकान चांगलं आहे म्हणून ते कायम राहील असं नाही. विकत घेतलेलं तिथल्या "कलेक्शन"मध्ये दिसत राहतं आणि पुन्हा उतरवता येतं, पण त्यावर विसंबू नका. पैसे दिले की त्याच मिनिटाला फाइल आपल्या डिस्कवर. कलाकाराला धन्यवादाचे चार शब्दही पाठवा. मला दोनदा उत्तर आलं आहे. एकदा एका वादकाने कोणत्या खोलीत, कुठे माइक ठेवून ध्वनिमुद्रण केलं ते सविस्तर लिहून पाठवलं होतं.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लांब वाजवणाऱ्यांच्या वतीने सांगायलाच हवी. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक "स्ट्रीम" मोजला जातो. अडीच मिनिटांचं गाणं पूर्ण ऐका, एक. २२ मिनिटांचा राग पूर्ण ऐका, तोही एकच. तेवढ्याच वेळात ते गाणं आठ-नऊ वेळा मोजून होतं. शिवाय २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला तिथे मोबदल्याच्या वाटपात धरत नाहीत. सावकाश आलाप मांडणाऱ्या, मोजक्या श्रोत्यांच्या कलाकारासाठी हे गणितच उलटं आहे. मी एक अल्बम विकत घेते तेव्हा तो किती मिनिटांचा आहे आणि तो मी दोनदा ऐकते की दोनशे वेळा, यावर त्याचा मोबदला अवलंबून राहत नाही.

"विकत घ्या" या शब्दांचीही मी आता पारख करते. फाइलला कुलूप असेल तर विकत घेतलेलंही जाऊ शकतं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकचे परवाना-सर्व्हर बंद करायची घोषणा केली, तेव्हा पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या संगणकावर वाजणार नाहीत अशी पाळी आली होती. लोकांनी ओरड केल्यावर मुदत वाढवावी लागली. आयट्यून्सने २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढलं, आणि त्यानंतर तिथे घेतलेली गाणी आजही कुठेही वाजतात. कॅलिफोर्नियाने तर २०२५ पासून कायदाच लागू केला आहे: फक्त परवाना देत असाल तर ते स्पष्ट न सांगता "विकत घ्या" असं लिहायचं नाही. कायमची उतरवून घेता येणारी फाइल देणाऱ्यांना मात्र त्यातून वगळलं आहे. माझी कसोटी तीच. इंटरनेट तोडून, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजलं तर ते माझं.

माझं म्हटलं की सांभाळायचंही मीच, आणि इथे मला मोठा फटका बसला. दुसऱ्या वर्षी हार्ड डिस्क एका संध्याकाळी टकटक करू लागली आणि तासाभरात बंद पडली. दुसरी प्रत होती, पण ती दोन महिने जुनी. सीडी कपाटात होत्या, त्या पुन्हा उतरवता आल्या. गेलं ते रात्री जागून लिहिलेलं: ४१ अल्बमांचे राग, ताल, साथीदार. ते सगळं पुन्हा केलं, आणि पुन्हा करताना दोन वेळा रडू आलं. आता तीन प्रती असतात. एक रोजची, एक घरातच वेगळ्या डिस्कवर, दर रविवारी ताजी केलेली, आणि एक बहिणीकडे, दर तीन महिन्यांनी बदलायची. प्रत्येक फ्लॅक फाइलच्या पोटात मूळ आवाजाची एक पडताळणी-संख्या असते, फूबार ती तपासून एखादी फाइल गुपचूप सडली आहे का ते सांगतो. तिमाहीची ती तपासणी रात्रभर चालते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान दुसरी प्रत करून ती घराबाहेर ठेवावी, आजच.

रियाजाला झालेला फायदा मी आधी गृहीतच धरला नव्हता. फाइल हातात असली की तिचा तुकडा पाडता येतो. ७:१० ची ती मींड, एकूण चाळीस सेकंद, मी वेगळी कापली, सूर न हलवता ७० टक्के वेगावर आणली आणि जुन्या, सिम नसलेल्या फोनवर सारखी फिरत ठेवली. चार वर्षं मी ती मींड म वरून थेट ग वर उतरवत होते. संथ केल्यावर ऐकू आलं की मधे एक अगदी पुसटसा थांबा आहे, श्वासाएवढा, आणि तिथे तानपुरा एकदा पूर्ण बोलून जातो. तो थांबा शिकायला मला आठ महिने लागले. त्या फोनवर फूबारशिवाय दुसरं काही नाही, विमान-मोड कायम चालू, त्यामुळे रियाजात निरोप येत नाहीत, पुढे काय ऐकावं हे कोणी सुचवत नाही.

गमावलं काय, तर नवं अचानक सापडण्याची सोय. पूर्वी महिन्याला वीस-पंचवीस नवी नावं कानावरून जायची, आता दोन-तीन. ती मित्रांकडून कळतात, रेडिओवरून, किंवा एखाद्या पुस्तिकेतल्या साथीदाराच्या नावावरून मी त्याचं स्वतंत्र वादन शोधते. त्या दोन-तीनांना मी पुष्कळ वेळ देते. ज्यांना कामाच्या मागे नुसतं काहीतरी वाजत हवं असतं, किंवा ज्यांच्या घरात चार जणांच्या चार आवडी आहेत, त्यांना स्ट्रीमिंग सोडा असं मी सांगणार नाही. पण ज्या दहा-वीस ध्वनिमुद्रणांशिवाय तुमचं चालणार नाही, ती आधी नावानिशी लिहून काढा, प्रत्येकाची एकूण लांबी लिहा, आणि तीच आवृत्ती विकत घ्या.

गेल्या वर्षी एक सीडी मिळाली, एका वादकाची, बहुधा थोड्याच निघालेल्या प्रतींतली. डिस्कॉग्जवर नोंद नव्हती, ती मी केली, मुखपृष्ठाचं छायाचित्र काढून, आतल्या कड्यावरचा क्रमांक भिंगाने वाचून. उतरवल्यावर अ‍ॅक्युरेटरिपचा अहवाल आला: ही तबकडी नोंदवहीत नाही. मी माझी संख्या पाठवून दिली. नंतर अधूनमधून त्या फाइली तपासायला देत होते, कॉन्फिडन्स १, फक्त माझा. परवा रात्री पुन्हा तपासलं, तर २.